उरलंसुरलं: शिळ्या भातापासून साबणापर्यंत

मागच्या अंकात उरलेल्या अन्नाविषयी आणि स्वयंपाकघरातल्या सांडपाण्याविषयी प्रश्न मागवले होते. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. सगळ्यात जास्त विचारणा भातावर आणि तळणाच्या तेलावर झाली, म्हणून ती उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये रात्रीचा भात सकाळी आंबूस लागतो. लसूण-मिरचीची खमंग फोडणी दिली की वास जातो आणि सगळे खातात. पण मागच्या उन्हाळ्यात घरातल्या दोघांना उलट्या झाल्या. भात फेकायला जीव होत नाही. काय करावं? (साकोली तालुका, जि. भंडारा)

फोडणीनं वास झाकला जातो, बाकी काही होत नाही. तांदळावर मातीतून आलेले बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू असतात. भाताच्या उकळीतही ते तग धरतात, आणि भात कोमट राहिला की जागे होऊन वाढतात. त्यांच्यातले काही भातात एक विष सोडतात, ते कढईच्या आचेवर मोडत नाही. असा भात खाल्ल्यावर १ ते ६ तासांत उलट्या सुरू होतात. तुमच्या घरी हेच झालं असण्याची शक्यता मोठी आहे. आंबूस वास येतो तो दुसऱ्याच जिवाणूंमुळे, त्यामुळे अजिबात वास न येणारा भातही बाधू शकतो. नाकापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवा. शिजलेलं अन्न बाहेर २ तास, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच ठेवावं असं धरतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दहा वाजताही चुलीजवळ त्याहून जास्त तापमान असतं.

म्हणून उरलेल्या भाताचं काय करायचं ते जेवणं आटोपली की लगेच ठरवा. गंजावर झाकण ठेवून झोपलं की मधला गोळा तीन-चार तास कोमटच राहतो, सगळी गडबड तिथे होते. भात आधी परातीत बोटभर जाडीनं पसरा आणि पंख्याखाली वीसेक मिनिटं निवू द्या. फ्रीज असेल तर मग डब्यात भरून आत ठेवा. लाइन गेली तर दार उघडू नका, बंद फ्रीज साधारण ४ तास थंड राहतो. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच भात काढा आणि चांगल्या वाफा निघेपर्यंत एकदाच गरम करा.

फ्रीज नसेल तर तुमच्या पूर्वेकडच्या भागात सगळ्यांना माहीत असलेली बासी करा. निवलेला भात स्वच्छ मडक्यात घालायचा, वर चार बोटं पाणी येईल असं बघायचं आणि त्यात दोन-तीन चमचे ताजं आंबट ताक घालायचं. ताकातले जिवाणू पाणी लवकर आंबट करतात आणि त्या आंबटात बाकीच्या जिवाणूंना वाढायला जड जातं. मात्र हे निवल्याबरोबर करायचं. भात मध्यरात्रीपर्यंत गंजात पडून राहिल्यावर पाण्यात टाकला तर उशीर झालेला असतो. सकाळी कांदा-मिठासोबत संपवून टाका, दुपारपर्यंत ठेवू नका. पाण्याला तार सुटली, बुळबुळीत लागलं किंवा वास आंबट न येता कुजका आला तर सरळ खताच्या खड्ड्यात. लहान मुलं, गरोदर बाई आणि आजारी माणसाला बासी देऊ नये.

दुपारचा भात उरला तर त्याच्या वड्या घाला. १ किलो शिजलेल्या भाताला दीड चहाचा चमचा मीठ, एक चमचा जिरं, दोन चमचे तीळ, चार कुटलेल्या मिरच्या आणि हिंग पुरे. मीठ चाखून घालू नका. भातात दोन तृतीयांश पाणी असतं, वाळून १ किलोचे साडेतीनशे-चारशे ग्रॅम उरतात आणि चवीपुरतं वाटलेलं मीठ तेव्हा खारट होतं. भात कोमट असतानाच हाताला शीत लागणार नाही इतका मळा. शितं राहिली की वडी तळताना फुलत नाही. वडी सुपारीएवढीच ठेवा. मोठ्या वड्या वरून वाळतात, आत ओल राहते आणि आठवड्यानं काळे ठिपके येतात. दोन-तीन कडक उन्हं झाली की एक मोडून बघा, कट् असा आवाज आला पाहिजे. ढगाळ दिवस असेल तर त्या दिवशी वड्या घालू नका.

आणि मूळ माप: १ वाटी तांदळाचा साधारण ३ वाट्या भात होतो. रात्री किती वाट्या खाल्ल्या जातात ते आठ दिवस मोजलं की अर्धा प्रश्न चुलीवर चढण्याआधीच सुटतो.

प्रश्न: तेरवीत भात आणि बुंदी खूप उरली. दोन बैलांपुढे टोपलंटोपलं भात ठेवला, थोडी बुंदीही दिली. दुसऱ्या दिवशी एकाची रवंथ बंद, शेण पाण्यासारखं, संध्याकाळी बसला तो उठलाच नाही. भातात काही विष होतं का? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

विष नव्हतं. भात ताजा असता तरी हेच झालं असतं. बैलाचं पोट कडबा-कुटार सावकाश आंबवायला बनलेलं आहे. त्यात एकदम टोपलंभर पिष्ट आणि साखर गेली की तिथले जिवाणू भराभर लॅक्टिक आम्ल तयार करतात, पोट आंबतं, त्याची हालचाल थांबते, आणि अंगातलं पाणी ओढून पोटात जमा होतं. जनावर आतून सुकत जातं. पशुवैद्यक याला आम्लविषार म्हणतात. खाल्ल्यानंतर साधारण १२ ते ३६ तासांत लक्षणं दिसतात: रवंथ बंद, दात खाणं, डावी कूस भरलेली आणि दाबल्यावर कणकेसारखी लागणं, आंबट वासाचं पातळ शेण, झोकांड्या. बुंदी भातापेक्षा वाईट, कारण साखर आणखी वेगानं आंबते. दुसरा बैल वाचला तो बहुधा कमी खाल्ल्यामुळे किंवा आधी पोटभर कडबा खाऊन असल्यामुळे.

अशी वेळ आली तर तासाभराचीही वाट बघू नका. पशुवैद्यकाला बोलवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन लावा, आणि जनावरानं काय आणि किती खाल्लं ते किलोच्या अंदाजानं सांगा. त्यावरच उपचार ठरतो. पुढ्यातलं उरलेलं अन्न लगेच उचला. खाण्याचा सोडा पाण्यातून पाजण्याचा उपाय खेड्यात सगळ्यांना माहीत आहे आणि तो बरोबर आहे, पण प्रमाण डॉक्टरांना विचारून. बसलेल्या, मान टाकलेल्या जनावराला नळीनं काही पाजू नका, ते फुप्फुसात जातं. तेल पाजण्याच्या फंदातही पडू नका.

किती द्यावं, तर सवय नसलेल्या मोठ्या जनावराला दिवसाला अर्धा किलो शिजलेला भात, तोही कुटारात कालवून आणि आधी कडबा खाल्ल्यानंतर. शेळ्यांना मूठभर. म्हणजे ५० किलो भात उरला तर तुमच्या कोठ्यातली जनावरं तो संपवू शकत नाहीत, हे आधीच मान्य करून टाका.

उरलेला भात खतात घाला, पण ढीग करून नाही. भाताचा जाड थर हवा धरत नाही, चिकट गोळा होतो, दुर्गंधी सुटते आणि रात्री कुत्री-डुकरं उकरतात. नाडेप टाकी असेल तर काम सोपं. ही पद्धत तुमच्याच जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची, त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती नाडेप झाली. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं. त्यात वीतभर कुटार किंवा वाळका पाला, त्यावर भाताचा बोटभर थर, वर शेणकाला, वर माती, आणि पुन्हा कुटार. आकारमानानं भाताच्या तिप्पट तरी कोरडा माल लागतो. टाकी नसेल तर बांधाच्या कडेला गुडघाभर खड्ड्यात याच क्रमानं घाला आणि शेवटी वीतभर माती ओढा. पत्रावळीसोबत प्लास्टिकचे द्रोण आत जाणार नाहीत एवढं बघा.

आचाऱ्याशी बोलतानाही एक आकडा लक्षात ठेवा. पोळी-भाजी असलेल्या पंगतीला माणशी ८० ग्रॅम तांदूळ पुरतो. ३०० पानांना २४-२५ किलो. आचारी सहसा याहून जास्त सांगतो. कमी पडलं तर बोल त्याला लागतात, उरलं तर यजमानाचं जातं.

प्रश्न: भाकरीला किंवा पोळीला एका कोपऱ्यात बुरशी आली तर तेवढा तुकडा तोडून बाकीची कोंबड्यांना द्यावी का? (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर)

नाही. वर दिसतो तो बुरशीचा फुलोरा, तिचे तंतू मऊ भाकरीत आधीच खोल गेलेले असतात. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन तयार करतात आणि ते भाजूनही जात नाही. कोंबड्यांना, विशेषतः पिलांना आणि बदकांना, ते फार बाधतं. दुभत्या गाईला दिलं तर दुधातून घरात परत येतं. बुरशीची भाकर खतातच. शिल्लक भाकरी त्याच दिवशी चुरून उन्हात कडक वाळवली, तर भरडून थालीपिठाच्या भाजणीत चौथ्या हिश्शापर्यंत खपते.

प्रश्न: घरी तळणीतलं सोयाबीन तेल उरतं. काळं झालेलं तेल किती वेळा वापरावं? त्याचा साबण करता येतो असं ऐकलं, पण आमचा एकदा नुसता चिकट लगदा झाला. (हिंगणघाट तालुका, जि. वर्धा)

तेल वारंवार तापवलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल मोडून तयार होणारे पदार्थ, वाढतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. घरी हे मोजता येत नाही, म्हणून खूण बघा: फेस येऊन तो मोडत नाही, नेहमीपेक्षा लवकर धूर निघतो, थेंब बोटांत चिकट लागतो. यातलं एकही दिसलं तर ते तेल पोटात जाऊ देऊ नका. चांगलं असेल तर निवल्यावर लगेच कपड्यातून गाळा, कारण तळाशी राहिलेला करपा तेल आणखी बिघडवतो. मग दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा. ताज्या तेलाच्या डब्यात ते ओतू नका, ताजंही लवकर बिघडतं.

आता साबण. लगदा होण्याचं कारण बहुतेक वेळा माप. वाटी-चमच्यानं साबण जमत नाही, ग्रॅममध्ये मोजणारा इलेक्ट्रॉनिक काटा हवाच. दुसरं कारण, नुसत्या सोयाबीन तेलाचा साबण मुळातच मऊ होतो. त्याला खोबरेल तेलाची जोड द्या. प्रमाण असं: जुनं तेल ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा १४२ ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम. यात कॉस्टिक गरजेपेक्षा ५ टक्के कमी धरला आहे, म्हणजे थोडं तेल शिल्लक राहील पण कॉस्टिक शिल्लक राहणार नाही. तेलं बदलली तर हे आकडे चालत नाहीत, दर तेलाला वेगळा कॉस्टिक लागतो.

आधी तेल धुवून घ्या. तेवढंच पाणी आणि मूठभर मीठ घालून उकळा, रात्रभर ठेवा, वरचं तेल काढा. मसाला आणि करपा खाली पाण्यात राहतो. मग तेल पुन्हा मंद आचेवर चरचर थांबेपर्यंत तापवा. चरचर म्हणजे आत पाणी आहे, आणि ते पाणी तुमचं वजनाचं माप चुकवतं. तेल निवल्यावरच वजन करा.

कॉस्टिकशी खेळ नको. काम अंगणात, मुलं आणि कोंबड्या लांब, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, बाजूला पाण्याची भरलेली बादली. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) भांडं अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो. पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडायचा. उलटं, म्हणजे कॉस्टिकवर पाणी ओतलं, तर ते उसळून अंगावर येतं. पाणी आपोआप कडकडीत तापतं, नाकात जाणारी वाफ निघते, तोंड बाजूला ठेवा. अंगावर थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. डोळ्यात गेला तर धूत धूतच दवाखाना गाठा.

दोन्ही द्रव हाताला कोमट लागतील इतके निवू द्या. मग तेलात कॉस्टिकचं पाणी बारीक धारेनं सोडत लाकडी रवीनं एकाच लयीत घुसळा. पहिली दहा मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, वर तेलाचे गोल फिरत राहतात. मग रंग फिका होत जातो आणि मिश्रण पातळ पिठल्यासारखं दिसू लागतं. रवी उचलून वर धार सोडा. ती पृष्ठभागावर क्षणभर रेघ ठेवून बुडाली की झालं. हातानं याला अर्धा ते एक तास लागतो. मात्र तळणाच्या तेलात आम्लं आधीच सुटी झालेली असतात, त्यामुळे ते कधी कधी अचानक घट्ट होतं. साचा आधीच मांडून ठेवा: लाकडी खोकं, आत प्लास्टिक. ओतून वर पोतं टाका. दोन दिवसांनी तारेनं वड्या पाडा आणि सावलीत, हवा खेळेल अशा बाजेवर ४ ते ६ आठवडे ठेवा.

काय बिघडतं ते ओळखा. वर तेल आणि खाली पाणी वेगळं झालं, तर घुसळणं अर्धवट राहिलं होतं, कोमट करून पुन्हा घुसळता येतं. वर पांढरी भुकटी आली तर ती हवेमुळे आलेली सोड्याची साय आहे, खरवडून टाका. वडी खडूसारखी ठिसूळ झाली आणि आत पांढरे खडे दिसले, तर कॉस्टिक जास्त झाला, ती वापरू नका. महिन्यानंतरही तेलकट राहिली, तर कॉस्टिक कमी पडला. उघड्या पिशवीतला कॉस्टिक हवेतलं पाणी ओढून घेतो आणि १४२ ग्रॅममध्ये खरा कॉस्टिक कमी भरतो. तुमचा लगदा बहुधा यातलाच. हळदीची परीक्षा इथे उपयोगाची नाही, चांगला साबणही हळद लाल करतोच.

हा साबण कपड्यांना आणि भांड्यांना. विहिरीचं पाणी जड असेल तर फेस कमी आणि पांढरा चोथा जास्त येईल, तो दोष साबणाचा नाही. बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा आधी घाला.

प्रश्न: आमच्याकडे हंगामात संत्र्याच्या सालींचा ढीग पडतो. गूळ घालून सालींचं एन्झाइम केलं आणि त्यानं फरशी पुसली, तर शहाबादी फरशीवर पांढरे डाग पडले. ते कसे काढायचे? (वरुड तालुका, जि. अमरावती)

पुसून निघणार नाहीत. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड आणि हे पाणी आम्ल. डाग दिसतो तिथे दगडाचा वरचा थरच खाल्ला गेला आहे, पॉलिश करूनच तो जातो. कोटा फरशीलाही हेच. सिरॅमिक टाइल, मोरी, संडास इथे १ भाग द्रवाला १० भाग पाणी करून वापरा. ब्लीचिंग पावडर टाकलेल्या मोरीत त्याच वेळी ओतू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

प्रमाण ठाऊक असेलच: १ भाग गूळ, ३ भाग साली, १० भाग पाणी, तीन महिने. २ लिटरच्या प्लास्टिक बाटलीत १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी, वरची जागा मोकळी. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू काढा. काचेची बरणी घेऊ नका, फुटते. वर पांढरी साय आली तर हरकत नाही. काळी-हिरवी बुरशी आली तर साली पाण्यावर तरंगत होत्या किंवा गूळ कमी पडला. पण सरळ हिशोब करा: चांगला गूळ विकत आणून हे करणं फिनाइलपेक्षा महाग पडतं. पाणी सुटलेला, काळवंडलेला गूळ घरात असेल तरच त्यात पडा.

साली वाळवून ठेवणं आम्हाला जास्त पटतं. सालीतल्या तेलामुळे वाळकी साल चटकन पेट घेते आणि पावसाळ्यात ओली लाकडं पेटवायला मूठभर पुरते. आंबिया बहाराची फळं हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, ऊन तेव्हा कोवळं असतं, म्हणून साली एकावर एक न टाकता पसरा. मृग बहाराच्या साली फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात दोन दिवसांत कडक होतात. गांडूळ खतात ओल्या साली ढिगानं टाकू नका, त्या तेलाला गांडुळं कंटाळून बाजूला सरतात. बारीक करून, आठ-पंधरा दिवस वेगळ्या कुजवून, मग थोड्या थोड्या द्या.

प्रश्न: भांडी धुतलेलं पाणी परसातल्या वांग्यांना सोडतो. दोन वर्षांत माती दगडासारखी झाली आणि पानांच्या कडा करपतात. आधी तर चांगलं पीक यायचं. (तेल्हारा तालुका, जि. अकोला)

तुम्ही पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहात, तुमच्या मातीत आणि भूजलात क्षार आधीच आहेत. त्यात मीठ, साबण आणि धुण्याचा सोडा यांच्यातलं सोडियम रोज पडतंय. काळ्या चिकण मातीत सोडियम वाढलं की मातीचे कण एकमेकांना सोडतात, बारीक गाळ छिद्रांत बसतो, पाणी मुरत नाही आणि वर खापरी धरते. नक्की हेच आहे का ते बघायला एका काचेच्या पेल्यात पावसाचं साठवलेलं पाणी घ्या आणि वाटाण्याएवढं वाळकं ढेकूळ त्यात अलगद सोडा. ढवळू नका. दोन तासांनी ढेकळाभोवती दुधाळ वलय पसरलं तर सोडियमचा त्रास आहे. नुसतं ढेकूळ विरघळून पडलं आणि पाणी नितळ राहिलं तर तेवढी काळजी नको.

वाफ्याला त्रास असेल तर पावसाळ्याआधी १० फूट बाय १० फुटाला दोन-अडीच किलो जिप्सम मातीत मिसळा आणि पावसाचं पाणी वाफ्यात मुरेल, खालून निघून जाईल अशी चर काढा. निचरा नसेल तर जिप्समही काही करत नाही.

पाण्याची वाटणी पुढे अशी करा. भाजी, फळं, डाळ-तांदूळ धुतलेलं आणि बिनमिठाचं उकडीचं पाणी निवल्यावर सरळ वांग्या-मिरच्यांना. भांड्यांचं पहिलं खरकटं पाणी, ज्यात साबण नाही पण मीठ-तेल आहे, खताच्या ढिगावर. साबणाचं पाणी मोरीजवळच्या केळीला आणि धोप्याला (अळूला), आणि तिथेही दर दोन-तीन वर्षांनी जागा बदला. आलू मीठ घालून उकडले असतील तर ते पाणी वाफ्यात कधीच नाही. राखेनं भांडी घासणाऱ्यांनी खूश होऊ नये: राख सोडियमनं गरीब असली तरी ती अल्कधर्मी आहे आणि आपली काळी माती आधीच त्या बाजूला झुकलेली आहे.

प्रश्न: दूध फाटलं की पनीर करतो. उरलेल्या निवळीत वरण शिजवलं तर तुरीची डाळ तासभरानेही शिजत नाही. (अचलपूर तालुका, जि. अमरावती)

आंबट पाण्यात डाळीच्या पेशी जोडून ठेवणारं पेक्टिन विरघळत नाही, म्हणून डाळ टणक राहते. चिंच आणि टमाटर आपण डाळ शिजल्यावर घालतो ते याच कारणानं. निवळीही डाळ मऊ झाल्यावर, घोटताना घाला. १ लिटर दुधाची पाऊण लिटरच्या वर निवळी निघते, ती एका वरणात खपणार नाही. कणीक तिच्यातच भिजवा. १ किलो कणकेला ६०० मिलिलिटरच्या आसपास लागते आणि पोळ्या मऊ राहतात. निवळीतल्या साखरेमुळे त्या तव्यावर लवकर लालसर होतात, आच थोडी कमी ठेवा. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवा. झाडांना द्यायची तर १० पट पाणी घालूनच, आणि मीठ घातलेली नाही ना ते बघून. दूध कडू लागत असेल किंवा तार सुटत असेल तर त्याचं पनीर करू नका, ते नुसतं आंबून फाटलेलं नाही.

प्रश्न: पेजेची खळ दिली की सुती पातळाला पांढरे ठिपके येतात आणि कपाटात कसर लागते. (आमगाव तालुका, जि. गोंदिया)

पेज गरम असतानाच दुहेरी कपड्यातून गाळा, ठिपके म्हणजे फुटलेली शितं. १ लिटर दाट पेजेला ३-४ लिटर पाणी घाला आणि पातळ ओलं असतानाच त्यात बुडवा, कोरड्या कापडाला खळ सारखी लागत नाही. मीठ घातलेली पेज घेऊ नका, कापड दमट राहतं. खळ दिलेले कपडे पावसाळ्यात ठेवायचे नसतात. कसर आणि झुरळं पिष्टच खायला येतात, मृगाआधी खळ धुवून काढा. आणि पेज रोज निघत असेल तर पाणी मोजून भात करायला लागा, कारण तांदळातली जीवनसत्त्वं पेजेबरोबर निघून जातात. नाहीतर मीठ-ताक घालून ती पिऊनच टाका.

प्रश्न: अंड्यांची टरफलं वाळवून, कुटून कुंड्यांना घालतो. वावरातही घालावी का? (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

वावरात नको. काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर असते आणि टरफल म्हणजे तोच चुना, शिवाय अशा जमिनीत ते वर्षानुवर्षं विरघळत नाही. कुंडीत नुसतं कोकोपीट आणि शेणखत असेल तर घाला, पण पिठासारखं दळून. घरच्या कोंबड्या असतील तर टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक करून त्यांच्याच खुराकात मिसळा. मोठे तुकडे टाकले तर कोंबड्यांना अंडी फोडून खायची सवय लागते.